मर्दानी खेळाचे पथक : सदस्यत्व आणि संपर्क

प्रस्तुत विवेचनात ‘पथक’ या संज्ञेने मर्दानी खेळाचा नियमित सराव करणारा आणि उत्सवप्रसंगी शिवकालीन वेशात त्याचे प्रदर्शन करणारा समूह अभिप्रेत आहे. पथकाच्या सरावात, खर्चात आणि जबाबदारीत वाटा उचलणे म्हणजे ‘सदस्यत्व’. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात सदस्यांना एकमेकांची खबर असणे म्हणजे ‘संपर्क’. पहिल्या दोन गोष्टी तिसरीवर अवलंबून आहेत, हे येथे दाखवावयाचे आहे.

विवेचनाचे क्षेत्र महाड व पोलादपूर हे तालुके. रायगड महाड तालुक्यात आहे. तेथे ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, शिवराज्याभिषेक झाला. तो सोहळा आज तारखेप्रमाणे आणि तिथीप्रमाणेही साजरा होतो. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० रोजी, माघ वद्य नवमीस, त्यांना वीरमरण आले. राज्याभिषेक आणि तानाजींची पुण्यतिथी ही वर्षात एकत्र येण्याची दोन मुख्य निमित्ते. माघापासून ज्येष्ठापर्यंत सुमारे साडेतीन महिने जातात. उरलेला आठ महिन्यांहून अधिक काळ निमित्तावाचून जातो. पथके मोडतात ती याच काळात.

प्रवेशाच्या अवस्था चार. पहिली, सराव पाहणे. दुसरी, पवित्रा व काठी. तिसरी, फरीगदगा, यात ढाल आणि वेष्टित सोट्याने प्रत्यक्ष सामना होतो, म्हणून राग आवरण्याची परीक्षा येथेच होते. चौथी, तलवार व दांडपट्टा. पट्ट्याची मूठ पोलादी खोबळ्याच्या आत आडवी असते आणि खोबळा कोपरापर्यंत हात झाकतो. त्यामुळे मनगट वळत नाही. पाते खांद्याच्या आणि कमरेच्या बळावर फिरवावे लागते. वेश या चारही अवस्थांनंतर मिळावा. अनेक ठिकाणी फेटा व अंगरखा प्रथम दिला जातो. हा क्रम चुकीचा आहे, कारण वेश मिळाल्यावर शिकण्याची घाई उरत नाही.

चौथ्या अवस्थेतील लिंबाचा खेळ प्रसिद्ध आहे. एक जण तळहातावर लिंबू धरतो, दुसरा पट्ट्याने ते कापतो. प्रेक्षकांची दृष्टी कापणाऱ्यावर असते. शास्त्रदृष्ट्या मात्र धरणारा अधिक महत्त्वाचा. त्याने बोटे ताठ आणि खाली वळवलेली ठेवायची, श्वासही हालू द्यायचा नाही. आठ महिने न भेटलेल्या माणसासमोर असा हात कोणी धरू नये आणि वस्तादाने धरू देऊ नये. सदस्यत्व संपर्कावर अवलंबून असल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

अमेरिकेत १९६३ पासून भरणाऱ्या प्रबोधनकालीन (रेनेसाँ) जत्रांमध्येही असे संघ असतात. तेथील सदस्य बहुधा कल्पित नाव व भूमिका स्वीकारतो. पोलादपूर तालुक्यात मालुसरे आडनावाची घरे आजही नांदती आहेत. येथे भूमिका शेजाऱ्याच्या पूर्वजाची असते, आणि जबाबदारीही त्या प्रमाणात वाढते.

आता संपर्काचे प्रकार. पहिला कार्यनिमित्त : गाडी, साहित्य, वेळ ठरवणे. तो आपोआप होतो, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुसरा ऋतुगत. जूनमध्ये गडावरून उतरलेला सदस्य लगेच भातलावणीत गुंततो. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा वेगळ्या वेळी मोकळा होतो. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेला गणपतीतच गावी येतो. म्हणून गणपती, दसऱ्याचे शस्त्रपूजन आणि भातकापणीनंतरचा मोकळा काळ अशा तीन वेळा धरून भेटी ठरवाव्यात. नुसत्या व्हॉट्सॲप गटाने हे साधत नाही. शुभेच्छांच्या गर्दीत एकाचे मौन कोणाच्या लक्षात येत नाही, आणि संपर्काचे मुख्य कार्य ते मौन ओळखणे हेच आहे.

तिसरा आपत्कालीन. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे आणि पोलादपूर तालुक्यातील साखर-सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. वीज आणि मोबाइल सेवा खंडित झाली होती. जो संपर्क केवळ फोनवर टिकतो तो नेमका अशा दिवशी नाहीसा होतो. यावरून नियम निघतो : प्रत्येक वाडीमागे एक सदस्य नेमावा आणि त्याने पायी जाऊन इतरांची खबर घ्यावी. अंगाने तयार, एकमेकांच्या हालचाली ओळखणारी, वस्तादाच्या शब्दावर थांबणारी माणसे संकटकाळी गावाला अन्यत्र शोधावी लागू नयेत.

या सर्वांसाठी एक कागदी वही पुरेशी आहे. तीत सदस्याचे नाव, वाडी, रक्तगट, कामाचे ठिकाण, घरातील दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक आणि शेवटच्या भेटीचा दिवस असावा. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. महाड-पोलादपूरच्या पथकांना विनंती आहे की, दसऱ्याला शस्त्रे पाटावरून उचलण्यापूर्वी ही वही मोठ्याने वाचावी, आणि ज्याच्या नावापुढे वर्षभराचा रकाना रिकामा आहे त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघांनी जावे.