युबारी : कोळशावर उभे राहिलेले शहर

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील युबारी हे शहर एकेकाळी देशातील प्रमुख कोळसा केंद्रांपैकी एक होते. डोंगरांमधील अरुंद खोऱ्यात वसलेल्या या शहराचा उदय कोळशामुळे झाला आणि कोळशाबरोबरच त्याचे वैभवही ओसरले.

अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ बेंजामिन स्मिथ लायमन यांनी १८७० च्या दशकात होक्काइदोचे सर्वेक्षण केले होते. त्यांचे शिष्य बान इचितारो यांना १८८८ मध्ये युबारी येथे कोळशाचा मोठा थर आढळला. १८९० मध्ये खाण सुरू झाली आणि १८९२ मध्ये रेल्वेमार्ग येथवर पोहोचला. पुढे रोजगाराच्या शोधात देशाच्या विविध भागांतून कामगार येत गेले. १९४३ मध्ये युबारीला शहराचा दर्जा मिळाला. १९६० मध्ये लोकसंख्या सुमारे १ लाख १७ हजारांवर गेली होती.

मात्र १९६० च्या दशकात आयात खनिज तेल स्वस्त झाल्याने कोळशाची मागणी घटली व एकामागून एक खाणी बंद पडू लागल्या. १६ ऑक्टोबर १९८१ रोजी एका नव्या खाणीत वायूचा उद्रेक होऊन आग लागली. आग आटोक्यात येत नसल्याने बेपत्ता कामगार आत असतानाच खाणीत पाणी सोडण्यात आले. या दुर्घटनेत ९३ जणांचा मृत्यू झाला. अखेरची खाण १९९० मध्ये बंद झाली.

कोळशाची जागा पर्यटनाने घ्यावी, या हेतूने नगर प्रशासनाने संग्रहालय, मनोरंजन उद्यान आणि हॉटेले यांवर मोठा खर्च केला. १९९० पासून चित्रपट महोत्सवही सुरू झाला. परंतु अपेक्षित उत्पन्न मिळाले नाही आणि कर्जाचा बोजा वाढत गेला. सुमारे ३५ अब्ज येनच्या तुटीमुळे २००७ मध्ये शहराचा कारभार सरकारी देखरेखीखालील वित्तीय पुनर्रचना योजनेत गेला. कर वाढले, कर्मचाऱ्यांचे वेतन कापले गेले, शाळा एकत्र करण्यात आल्या आणि १७१ खाटांच्या नगरपालिका रुग्णालयाचे १९ खाटांच्या दवाखान्यात रूपांतर झाले. २०१० च्या सुधारित आराखड्यात परतफेडीची मुदत मार्च २०२७ पर्यंत ठरविण्यात आली.

२०११ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी महापौर झालेले नाओमिची सुझुकी यांनी विखुरलेल्या वस्त्या शहराच्या मध्यवर्ती भागाजवळ आणण्याचे धोरण राबविले. २०१९ मध्ये ते होक्काइदोचे राज्यपाल झाले. त्याच वर्षी युबारीची रेल्वे शाखाही बंद झाली. २०२० च्या जनगणनेनुसार शहरात सुमारे ७,३०० रहिवासी उरले होते आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

केशरी गराच्या गोड खरबुजांमुळे युबारीचे नाव आजही जपानभर परिचित आहे. २०१९ च्या हंगामातील पहिल्या लिलावात दोन फळांना ५० लाख येनची बोली लागली होती. खाणींचा इतिहास मात्र तेथील कोळसा संग्रहालयात जतन करण्यात आला आहे.