बाबांची साखर आणि १८० चा आकडा

दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली. ते इथे आमच्याकडेच राहतात; मधुमेह जुना. ऑपरेशननंतर आयसीयूत शिरेतून इन्सुलिन चालू होतं आणि नर्स तासातासाला साखर तपासत होती. आकडा १६० च्या आसपास. घरी एवढ्यावर आई बासुंदीची वाटी काढून घेते! मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "शंभरावर का आणत नाही?" ती म्हणाली, "मुद्दामच आणत नाही."

त्या रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसलो. (कॉम्प्युटरवाल्यांना दुसरं काय येतं?) त्या 'मुद्दाम'मागे बराच इतिहास निघाला.

हृदयशस्त्रक्रियेच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन वाढतं आणि साखर चढते, मधुमेह नसलेल्यांचीही. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, आणि छातीच्या हाडापाशी जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं. तरी पूर्वी रीत अशी, की काही तासांनी साखर बघायची आणि आकड्याप्रमाणे कातडीखाली इन्सुलिन टोचायचं. म्हणजे साखर पुढे आणि इन्सुलिन तिच्यामागे धावतंय.

ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलात अँथनी फर्नरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून अशा मधुमेही रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. १९९२ मध्ये त्यांनी टोचणी सोडून शिरेतून सतत इन्सुलिन सुरू केलं. १९९९ साली निष्कर्ष छापले: छातीच्या हाडापर्यंत पोचणारा संसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला होता. ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची, चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हे. पण नोंदी जवळजवळ अडीच हजार रुग्णांच्या होत्या.

मग २००१ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनहून ग्रीट व्हॅन डेन बर्घे यांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत आलेले १५४८ रुग्ण, त्यांतले बहुतेक हृदयाचे. साखर ८० ते ११० मध्ये ठेवली तेव्हा आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले. जगभरचे आयसीयू या आकड्यामागे लागले. मीही लागलो असतो! फक्त, तिथल्या रुग्णांना शिरेतून भरपूर ग्लुकोज दिलं जात होतं, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटलं.

२००९ मध्ये 'नाइस-शुगर' चाचणीने गणित उलटवलं. आयसीयूतले सर्व प्रकारचे ६१०४ रुग्ण. साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवलेल्यांपैकी ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले. १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांपैकी २४.९ टक्के. साखर ४० पर्यंत किंवा त्याहून खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के, विरुद्ध ०.५. गुंगीतल्या माणसाला घाम आला, हात थरथरले, तर कोणाला सांगणार? त्याच वर्षी अमेरिकेतल्या हृदयशल्यविशारदांच्या संघटनेने १८० च्या आत ठेवा, असं सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सची माफी मागितली. आकडा १४८ होता. बाबा मात्र चहा बिनसाखरेचा का, म्हणून तिच्याशी हुज्जत घालत होते.