मुंबई–दिल्ली : हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,१४० किमी. (सुमारे ६१५ सागरी मैल) आहे. पृथ्वीची वक्रता धरून काढलेले हे किमान अंतर. नकाशावर ही रेषा रतलाम आणि कोट्याच्या जवळून जाते. राजधानी एक्सप्रेसही त्याच शहरांवरून धावते, पण सुरत-वडोदऱ्याचा वळसा घेत असल्याने तिचा मार्ग जवळपास १,३८५ किमी. भरतो आणि प्रवासाला पंधरा-सोळा तास लागतात.

विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात या प्रवासाला साधारण सव्वादोन तास दिलेले असतात. ताशी सुमारे ८३० किमी. वेगाने हेच अंतर दीड तासाच्या आत कापता येईल. मात्र छापील वेळ मोजली जाते ती गेटवरून विमान मागे ढकलल्यापासून उतरून पुन्हा गेटला लागेपर्यंत. चढण, उतरण, धावपट्टीपर्यंतची संथ चाल आणि रांगेतला खोळंबा हे सारे त्यात धरलेले असते. त्यामुळे अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणे या मार्गावर फसवे ठरते.

मुंबईची खरी अडचण धावपट्ट्यांची आहे. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक करता येत नाही. जगातल्या अत्यंत गर्दीच्या देशांतर्गत मार्गांपैकी एकाचे हे टोक आहे. दिल्लीहून वेळेवर निघालेले विमानही येथे उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालत राहते. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत. तिथे वेळ जातो तो मुख्यतः डिसेंबर-जानेवारीतल्या दाट धुक्यात, तर मुंबईत जून ते सप्टेंबरच्या पावसात.

वाऱ्याचाही वाटा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. मार्ग उत्तरेकडे जाताना किंचित पूर्वेला कलत असल्याने दिल्लीकडे जाणाऱ्या विमानाला त्यांची थोडी मदत होते, परतणाऱ्याला थोडा विरोध.

टाटांच्या विमानसेवेने १९३७ मध्ये मुंबई–दिल्ली उड्डाणे सुरू केली, तेव्हा विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरला थांबे घेत जाई.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी उड्डाणे होऊ लागली. तिथून दिल्लीचे हवाई अंतर जवळजवळ तेवढेच आहे. फरक पडतो तो विमानतळ गाठण्याच्या वेळेत: पनवेलकरांचा रस्ता कमी होतो, बोरिवलीकरांचा बराच वाढतो. तिकीट काढताना विमानतळाचे नाव पाहणे म्हणूनच आवश्यक झाले आहे.