डासाच्या पोटातले जिवाणू हिवताप-डेंगी रोखू शकतात का? वाचा सविस्तर

पावसाळा लागला की गावोगावी तापाचे पेशंट वाढतात. फवारणी होते, धूर मारला जातो, तरी डास काही हटत नाहीत. अनेक ठिकाणी तर ते नेहमीच्या औषधांना दादच देईनासे झालेत. म्हणून शास्त्रज्ञांनी आता डासाच्या अंगातल्या जिवाणूंकडे मोर्चा वळवला आहे. हा प्रकार नेमका काय आहे आणि आपल्या कामाचा किती, ते पाहू.

रोग पोटातूनच पुढे जातो

डासाची मादी हिवतापाच्या रोग्याला चावते तेव्हा रक्ताबरोबर हिवतापाचे जंतू तिच्या पोटात जातात. तिथे ते वाढतात, मग लाळेत उतरतात आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्या माणसाच्या अंगात शिरतात. हे जंतू डासाच्या पोटात पहिल्यांदा दिसले ते आपल्याच देशात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डॉ. रोनाल्ड रॉस यांनी ते पाहिले. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन.

माणसासारखेच डासाच्या पोटातही अनेक जिवाणू राहतात. त्यातले काही रोगजंतूंना वाढूच देत नाहीत. डास राहिला तरी चालेल, त्याच्यातून रोग पुढे जाऊ नये, असा हा विचार आहे.

हिवतापासाठी : डेल्फ्टिया

स्पेनमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पाळलेल्या डासांना हिवतापाची लागण होईनाशी झाली. शोध घेतल्यावर त्यांच्या पोटात डेल्फ्टिया नावाचा जिवाणू सापडला. तो हार्मेन नावाचा पदार्थ सोडतो आणि त्यामुळे हिवतापाच्या जंतूंची वाढ अडते. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. डासाच्या पोटातले जंतू ७३ टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यात दिसले. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात जाळीच्या मोठ्या बंदिस्त जागेतही याची चाचणी झाली आहे. पण गावात मोकळेपणी वापरण्याची वेळ अजून आलेली नाही.

डेंगीसाठी : वोल्बाकिया

हा जिवाणू फक्त पोटात नाही, तर डासाच्या शरीरातल्या पेशींमध्ये राहतो. कितीतरी किड्यांमध्ये तो मुळातच असतो. पण डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात नसतो. शास्त्रज्ञांनी तो या डासाच्या अंड्यात सोडला. मग असे दिसले की ज्या डासात वोल्बाकिया आहे, त्यात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही.

याची आणखी एक गंमत आहे. वोल्बाकियावाला नर आणि साधी मादी यांची जोडी जमली तर अंडी फुटत नाहीत. मादी वोल्बाकियावाली असेल तर तिची सगळी पिल्लं तोच जिवाणू घेऊन जन्मतात. त्यामुळे हळूहळू त्या भागातले बहुतेक डास तसेच होतात.

इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात याची मोठी चाचणी झाली. असे डास सोडलेल्या भागांत डेंगी ७७ टक्क्यांनी, तर डेंगीमुळे दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआर केंद्राने असे डास तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. पण ते बाहेर सोडायला सरकारी मंजुऱ्या लागतात.

आज वापरात असलेला जिवाणू : बीटीआय

हा १९७६ मध्ये इस्राएलच्या वाळवंटी भागात सापडला. याची पावडर किंवा द्रावण साचलेल्या पाण्यात टाकतात. डासाची अळी ते खाते, त्यातले विष तिच्या आतड्यात विरघळते, आतडे फाटते आणि अळी मरते. माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात हे विष काम करत नाही. मात्र अळीचा कोष झाला की तो खाणं बंद करतो, मग बीटीआयचा उपयोग होत नाही. त्यामुळे वेळेवर आणि पुन्हा पुन्हा टाकावे लागते.

लोक विचारतात

*असे डास चावले तर माणसाला काही होते का?* वोल्बाकिया माणसाच्या शरीरात टिकत नाही. त्यामुळे माणसाला आजार झाल्याचे आढळलेले नाही. डास चावल्यावर खाज मात्र नेहमीसारखीच येणार.

*मग फवारणी, मच्छरदाणी बंद करायची का?* अजिबात नाही. वोल्बाकियाचे डास डेंगीसाठी आहेत. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास वेगळा आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स वेगळा.

तोवर आपल्या हातात काय?

- आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. रांजण, टाकी, माठ रिकामे करून आतून घासा. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.
- जुने टायर, नारळाच्या करवंट्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे बघा.
- मोठ्या हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडा.
- हिवतापाचा डास रात्री चावतो, म्हणून मच्छरदाणीतच झोपा. डेंगीचा दिवसा चावतो, म्हणून लेकरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.
- ताप आला की आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डेंगीचा संशय असेल तर दुकानातून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

जिवाणूंचा उपाय उद्या गावात येईलही. पण अंगणातल्या टायरातलं पाणी आजच ओतायचं आहे, आणि ते आपल्यालाच ओतायचं आहे.