सात इंचांचा गोल दिवा

आज मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब उडाला की दुकानदार आधी विचारतो, ‘एच-४ की एच-७?’ १९४० नंतरच्या अमेरिकेत हा प्रश्नच उद्भवत नसे. शेवरोले असो वा कॅडिलॅक, दिवा एकच : सात इंच व्यासाचा, गोल, सीलबंद.

त्यापूर्वीची स्थिती बिकट होती. परावर्तकावर चांदीचा मुलामा असे. धूळ व दमट हवा आत शिरून तो काळवंडे. बल्ब बदलताना त्याची तार किंचित जरी सरकली, तरी झोत रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाई. त्यावर उपाय म्हणून १९४० च्या मॉडेलांपासून तार, परावर्तक व काच यांचा एकच हवाबंद संच, म्हणजे ‘सील्ड बीम’, रूढ झाला. तार जळाली की अख्खा दिवाच बदलायचा. वरकरणी ही उधळपट्टी. परंतु प्रत्येक वेळी आरसाही नवा मिळे, काचही नवी. शिवाय कोणत्याही आडगावी नेमका तोच दिवा मिळण्याची खात्री.

कालांतराने हेच प्रमाण बेडी ठरले. युरोपात १९६२ मध्ये ‘एच-१’ हा हॅलोजन बल्ब आला. त्यातील वायूमुळे तारेतून उडालेले टंगस्टन काचेवर न साचता पुन्हा तारेकडे परते, म्हणून काच काळी पडत नसे. १९७१ च्या ‘एच-४’ मध्ये एकाच बल्बात दोन तारा होत्या आणि बैठकीला तीन कान. तो एकाच पद्धतीने बसे. ज्या चुकीपायी अमेरिकेने अख्खा दिवा सीलबंद केला, ती युरोपने बल्बच्या बुडाशीच सोडवली होती. अमेरिकेत मात्र १९५७-५८ मध्ये दोनाऐवजी चार लहान दिव्यांना आणि १९७५ च्या मॉडेलांत चौकोनी दिव्यांना मुभा मिळाली, इतकेच. सित्रोएन डीएसचे, चाकांबरोबर वळणारे दिवेही तेथे निषिद्ध होते.

१९८३ मध्ये नियम बदलला तो प्रकाशापेक्षा इंधनाच्या चिंतेने. वाऱ्याचा विरोध घटवून इंधन वाचवायचे, तर मोटारीचे नाक निमुळते हवे. उभ्या सपाट दिव्यांची त्यात अडचण. फोर्डने तसा अर्ज केला होता, आणि बदलता बल्ब असलेली पहिली अमेरिकी गाडीही फोर्डचीच : १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन.

बल्ब सुटा झाला. भोवतीचे आवरण प्लॅस्टिकचे आले. काही वर्षांच्या उन्हाने ते पिवळे, धुरकट पडते आणि नवा बल्ब घालूनही रस्ता अंधुकच दिसतो. सीलबंद दिव्यात तारेबरोबर काचही बदलली जात असे.