परीकथेवरील खटला : सोव्हिएत रशियातील एक प्रकरण

मुलांच्या अद्भुतकथांवर बंदी मागणारे लोक बहुधा धर्मरक्षक असतात, असा समज रूढ आहे आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८० च्या दशकात काही ख्रिस्ती पालकांनी शाळेच्या क्रमिक पुस्तकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा ‘विझर्ड ऑफ ओझ’मधील चेटकीण सज्जन कशी दाखवली, हाही त्यांच्या तक्रारींचा एक भाग होता. तथापि परीकथेवर विसाव्या शतकात झालेला सर्वांत पद्धतशीर हल्ला कदाचित धर्माचा नव्हे, तर धर्माचीच सद्दी संपवू पाहणाऱ्या शिक्षणसुधारकांचा होता, आणि त्याची भूमी १९२० च्या दशकातील सोव्हिएत रशिया ही होती.

१९१७ च्या क्रांतीनंतर निरक्षरता हटवणे, शाळा काढणे आणि अंधश्रद्धेची मुळे उपटणे ही कामे नव्या शिक्षणखात्याने एकाच वेळी हाती घेतली. त्याच सुमारास ‘पेडॉलॉजी’, म्हणजे शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र यांची सांगड घालून बालकाचा अभ्यास करणारी विद्याशाखा, रशियात प्रतिष्ठा पावत होती. मुलाचे मन घडवावे तसे घडते, म्हणून त्याला पहिल्यापासून यंत्र, कारखाना, शेत आणि निसर्ग यांचीच खरी ओळख करून द्यावी, असे तिच्या अनेक पुरस्कर्त्यांना वाटे. बोलणारे प्राणी आणि उडणारे गालिचे मुलाला वास्तवाविषयी चुकीचे ज्ञान देतात, हा या मंडळींचा पहिला आक्षेप. राजे, राजकन्या आणि व्यापारी यांच्या कथा मुलाच्या मनात जुन्या वर्गांविषयी ओढ निर्माण करतात, हा दुसरा. खार्कोव्ह येथील यानोव्स्काया यांनी तर १९२५ मध्ये कामगारवर्गाच्या मुलाला परीकथेची गरज आहे काय, असा सवाल शीर्षकातच करणारी पुस्तिका काढली आणि तिचे उत्तर नकारार्थी दिले. यातील पहिला आक्षेप केवळ समाजवाद्यांचा होता असे मात्र नव्हे. चीनमधील हुनान प्रांताचे कम्युनिस्टविरोधी राज्यपाल हो चिएन यांनी १९३१ मध्ये ‘ॲलिस इन वंडरलँड’वर बंदी घातली, ती प्राण्यांच्या तोंडी माणसांची भाषा घालणे अनुचित आहे, याच कारणासाठी.

रशियातील या वादाचा सर्वाधिक मार बसला तो कोर्नेय चुकोव्हस्की (१८८२–१९६९) या कवी-समीक्षकाला. पेट्रोग्राडच्या रस्त्यांवर सिगारेट ओढत हिंडणारी, पोलिसाला गिळणारी मगर आणि तिला खेळण्यातल्या तलवारीने नमवणारा वान्या हा मुलगा, अशी ‘क्रोकोदिल’ ही त्यांची पद्यकथा १९१७ मध्ये प्रथम छापली गेली आणि बघता बघता मुलांच्या तोंडी बसली. त्यानंतरच्या ‘मोयदोदीर’मध्ये अंघोळीचा कंटाळा करणाऱ्या मुलामागे हात धुण्याचे जिवंत झालेले भांडे लागते, माशीच्या गोष्टीत कोळ्याच्या तावडीतून माशीला सोडवणारा डास तिच्याशी लग्न करतो. या पुस्तकांवरचे आक्षेप तपशिलाने पाहण्याजोगे आहेत. ‘मोयदोदीर’मधील एका ओळीने धुराडी साफ करणाऱ्या कामगारांचा अपमान होतो, असे एक म्हणणे होते. डास हा वेषांतर केलेला राजपुत्रच होय, माशीचा वाढदिवस हा मध्यमवर्गीय चोचला होय, आणि चित्रात डास माशीच्या फार जवळ उभा आहे, अशा हरकती अभ्यवेक्षण खात्यातून, म्हणजे छपाईपूर्वी मजकूर तपासणाऱ्या कार्यालयातून, निघाल्या. ‘क्रोकोदिल’ म्हणजे जनरल कोर्निलोव्ह यांच्या १९१७ मधील बंडाचे रूपक आहे, असाही शोध कोणी लावला. ही कथा त्या बंडाच्या आधीच लिहून झाली होती, ही अडचण त्या संशोधकाला जाणवली नसावी.

१ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रात लेनिन यांच्या पत्नी आणि शिक्षणखात्यातील वरिष्ठ अधिकारी नादेझ्दा क्रुपस्काया यांचा ‘क्रोकोदिल’विषयीचा लेख आला, तेव्हा या किरकोळ कुरबुरींना राजकीय वजन प्राप्त झाले. मगरीच्या जीवनाची माहिती मिळण्याऐवजी मुलाला असंबद्ध बडबड ऐकावी लागते, सामान्य जनता भेदरट दाखवली आहे आणि थोर कवी नेक्रासोव्ह यांचे विडंबन केले आहे, असे त्यांचे मुद्दे होते. चुकोव्हस्की हे नेक्रासोव्ह यांच्या काव्याचे साक्षेपी संपादक असल्यामुळे हा शेवटचा घाव वर्मी लागणारा होता. मॅक्सिम गॉर्की यांनी मार्च महिन्यात ‘प्रावदा’लाच पत्र पाठवून, चुकोव्हस्की यांनी संपादित केलेल्या नेक्रासोव्हच्या काव्याची खुद्द लेनिन यांनी वाखाणणी केली होती, याची आठवण करून दिली. विधवेच्या आरोपाला पतीच्या अभिप्रायाने उत्तर देण्याची ही चतुराई काही काळ उपयोगी पडली, पण १९२९ मध्ये क्रेमलिनच्या बालवाडीतील पालकांनी चुकोव्हस्कीछाप साहित्याविरुद्ध लढा पुकारणारा ठराव केला. त्या वर्षाच्या अखेरीस चुकोव्हस्की यांनी जुन्या परीकथांचा जाहीर त्याग केला आणि सामुदायिक शेतीवर मुलांसाठी आनंदी पुस्तक लिहिण्याचे वचन दिले. ते पुस्तक त्यांनी कधीच लिहिले नाही.

त्यांचे खरे उत्तर आहे ते ‘दोन ते पाच’ या नावाने पुढे गाजलेल्या, लहान मुलांच्या भाषेवरील ग्रंथात. स्तान्चिन्स्काया नावाच्या एका पेडॉलॉजिस्ट आईने आपल्या मुलाला परीकथांपासून कटाक्षाने दूर ठेवून त्याच्या वाढीची रोजनिशी प्रसिद्ध केली होती. चुकोव्हस्की यांनी त्याच रोजनिशीतून दाखवून दिले, की त्या मुलाच्या खोलीत एक लाल हत्ती राहायला आला होता आणि शेजारच्या खुर्चीवर त्याची मैत्रीण, कोरा नावाची अस्वलीण, बसलेली असल्याने तिथे इतर कोणी बसणे त्याला खपत नसे. बाहेरून न मिळालेली परीकथा मूल स्वतः रचते, हा निष्कर्ष प्रतिपक्षाच्याच पुराव्यातून निघत असल्याने त्याला तोड नव्हती.

परीकथेची सुटका मात्र या युक्तिवादाने झाली नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र प्रकाशनगृह स्थापण्याचा ठराव केला आणि परीकथेला त्यात जागा मिळाली. १९३४ च्या लेखक परिषदेत कवी मार्शाक यांनी बालसाहित्यावर केलेल्या भाषणात तिची बाजू उघडपणे मांडली गेली. जुलै १९३६ मध्ये तर पेडॉलॉजी हीच विद्याशाखा एका हुकमाने मोडीत निघाली. ‘विझर्ड ऑफ ओझ’चे वोल्कोव्ह यांनी केलेले रशियन रूपांतर १९३९ मध्ये बिनदिक्कत प्रसिद्ध झाले. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून आणि पुस्तक प्रदर्शनांतून अल्प किमतीत घेतलेली रंगीत सोव्हिएत बालपुस्तके ज्या मराठी घरांत आली, तिथे रशिया म्हणजे परीकथांचाच देश ठरला, यामागे हा उलटलेला हुकूम होता. आदेशाने मिळालेले अभय आदेशानेच काढून घेता येते, आणि तसे झालेही : ‘मुर्झिल्का’ या मासिकातून क्रमशः येणारी चुकोव्हस्की यांची शेवटची मोठी परीकथा ‘बिबिगॉन’ १९४६ मध्ये अर्ध्यावरच थांबवण्यात आली.