कोळसा, तंदूर व सिगडीसाठीचा

दिल्लीच्या करोल बागेसारख्या खाऊबाजारांत तंदूर व सिगडीसाठी वापरला जाणारा, लाकूड अपुऱ्या हवेत जाळून केलेला कोळसा. (दगडी कोळशातील गंधक अन्नाला बाधते, तो येथे विचारात घेतलेला नाही.) गिऱ्हाईक आधी झाडाचे नाव विचारते, बाभूळ की विलायती बाभूळ. पण भट्टी पुरती लागली का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. लाकूड ३०० अंश सेल्सिअसला कोळसले, तर कोळशात सुमारे ३० टक्के बाष्पनशील द्रव्ये उरतात. ५०० अंशांना ती १३ टक्क्यांच्या आसपास येतात. हीच द्रव्ये धूर व कडवट वास देतात. पुरता भाजलेला तुकडा हलका असतो, आपटल्यास खणखणतो, मोडल्यावर काळा चमकतो; तपकिरी गाभा म्हणजे कच्चा माल. झाड अगदीच गौण नव्हे: जड लाकडाचा निखारा जास्त टिकतो.

धूर नसेल तर चव कुठून, असा आक्षेप येतो. ती मुख्यतः निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीतून व मसाल्यातून येते; धुरी हवीच असेल, तर सुक्या लाकडाची ढलपी वेगळी टाकावी. उत्तम कोळशाने हवेचा प्रश्न सुटतो, असे मात्र नाही. आयआयटी कानपूरच्या २०१६च्या अहवालाने दिल्लीत कोळसा वापरणारी सुमारे ९,००० हॉटेले व उपाहारगृहे नोंदवली. प्रदूषण वाढून ‘ग्रॅप’ (हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने निर्बंध आणणारा कृती आराखडा) लागू झाला की उपाहारगृहांतील कोळशाच्या तंदुरावर बंदी येते. तेव्हा वीज किंवा गॅस हाच पर्याय.